तुलाराम करतो तसं

ग्रंथालयात पुस्तक परत करताना कुणीतरी कोपराला हात लावला, एवढंच झालं. बोटं थंड होती, आणि पाठोपाठ आवाज आला, "तुमी घनश्याम पाटलांच्या पुष्पाबाई ना जी?" पुष्पाला वाटलं, कुणी तरी मागून येऊन तिच्या अंगावरची तीस वर्षं शालीसारखी ओढून घेतली. भंडाऱ्यात ती भुपेंद्रभाऊंची मिसेस होती, गल्लीत डिंपलची आई होती, ग्रंथालयात कार्ड नंबर चारशे सात होती. वडिलांच्या नावानं तिला इथं कुणी ओळखत नसे, आणि त्याचं तिला कधी वाईटही वाटलं नव्हतं. वळून पाहिलं तर पंचविशीतली एक सावळी, तरतरीत मुलगी. पाठीवर लॅपटॉपची बॅग, हातात एक जुनी कादंबरी. पुस्तक कुणी कधी नेलं याची मागच्या पानावर चिकटवलेली चिठ्ठी तिनं उघडून धरली होती. वीस-बावीस वर्षांत एकोणीस नावं, त्यात पुष्पाचं तीनदा. "एवढ्या वेळा हे पुस्तक कोन वाचते म्हनून पाहिलं, तं तुमचं नाव निघालं. भंडाऱ्यात दिलेल्या पुष्पाबाई आमच्या घरी सप्पायले माहीत हायेत," मुलगी हसून म्हणाली. "मी मनाली. तुलारामची नात."

कादंबरीचं नाव घेतलं की हल्ली भांडण होतं. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी कुण्या गोऱ्या माणसानं अमेरिकेतल्या गुलामांवर लिहिलेली, पुढं कुणी तरी मराठीत आणलेली, जाड, पिवळी पडलेली. तिच्यातला म्हातारा गुलाम मालकाच्या बुडणाऱ्या मुलाला नदीतून काढतो. मालक खूश होऊन त्याच्या हातावर सुटकेचा कागद ठेवतो. म्हातारा तो कागद घडी करून टोपीत खोचतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच मळ्यात कापूस वेचायला येतो. या एका पानावर कोण किती रडलं असेल त्याला गणती नाही. आता लोक त्याच पानावर चिडतात. मनाली एका कॉलेजात तासिकेवर शिकवत होती, आणि तिच्या वर्गातल्या निम्म्या मुलांनी हे पुस्तक अभ्यासातून काढा म्हणून अर्ज दिला होता. यात काळ्या माणसाला माणूस म्हणून दाखवलेलंच नाही, पाळलेल्या बैलासारखं दाखवलंय, असं त्यांचं म्हणणं. उरलेल्या निम्म्यांचं म्हणणं, तेव्हाच्या काळात एवढं लिहिलं हेच पुष्कळ. मनालीला नागपुरात एका चर्चासत्रात निबंध वाचायचा होता, आणि तिचा निबंध या दोन्ही भांडणांना वळसा घालून तिसरीकडेच जात होता. चाळीस वर्षांपूर्वी, तुमसरकडच्या एका लहानशा गावात, मंडईच्या जत्रेत या कादंबरीचं नाटक झालं होतं. गुलामाचं काम पाटलांच्या पुतण्यानं केलं होतं, आणि ते काम त्याला शिकवलं होतं तिच्या आजोबानं.

तिनं हे सांगितलं ते कौतुकानं. आबा मरेपर्यंत घरात ते सगळं करून दाखवत, म्हणाली. पाटलांच्या त्या पुतण्याला, चंद्रकुमारला, उभं राहता येत नव्हतं, वाकता येत नव्हतं, मार खाता येत नव्हता. मग आबा त्याला शिकवायचे आणि मुद्दाम असं काही शिकवायचे की पाटील लोक बघतच राहायचे. घरात सगळी पोट धरून हसायची. रंभाआत्या तर हसता हसता शिलाई मशीनचं चाकच सोडून द्यायची. "आबा म्हनत, पाटलांची लहान बाई कोपऱ्यात बसून सप्पा वहीत लिहून घे. थे वही हाये का काकू तुमच्यापाशी? आबाचं नाव कुठंच लिहेल नाई हो. ना सातबाऱ्यावर, ना कुठं. तुमच्याच वहीत असन तं असन."

पाहते, असं पुष्पा म्हणाली. रविवारी ये म्हणाली. पत्ता सांगताना स्वतःच्याच घराचा नंबर तिला दोनदा आठवावा लागला.

घरी येताना भाजी घ्यायची राहिली. वही आहे की नाही हे पाहण्याची गरजच नव्हती. लग्नात आलेल्या पत्र्याच्या पेटीत, जुन्या साड्यांखाली, ती होती. तीन घरं बदलली, जवाहरनगरचं क्वार्टर सोडलं, भुपेंद्र रिटायर झाला, डिंपल लग्न होऊन रायपूरला गेली, तेवढ्यात कितीतरी सामान भंगारात गेलं, पण ही वही गेली नाही. कुणी विचारलं असतं, का ठेवली, तर तिला सांगता आलं नसतं. आठवण म्हणून ठेवतात तशी ती नव्हती. दाढेतली कीड जिभेनं चाचपून पाहावी, तशी दोन-चार वर्षांतून एकदा उघडून पाहायची आणि पुन्हा साड्यांखाली सरकवायची. कादंबरी तीनदा वाचली तीही तशीच. सातवीनंतर शाळा सुटलेल्या बाईला वाचनाचं वेड कसं लागलं याचं ग्रंथपालाला मोठं कौतुक होतं. त्याला काय सांगणार, की काही पुस्तकं माणूस आवडीनं वाचत नाही, हजेरी द्यायला जातो.

बाबांचा आवाज फार गोड होता. दसऱ्यानंतर दुपारी सपरीत, म्हणजे घरापुढच्या त्या लांबट ओसरीत, ते बसत आणि ती कादंबरी मोठ्यानं वाचत. गावातली चार माणसं ऐकायला येत, सपरीवर टेकत. तुलाराम त्यांच्या घरचा सालदार, गावकुसाबाहेरच्या टोलीवरचा. सालदार म्हणजे वर्षभरासाठी बांधलेला माणूस. तो सपरीच्या पायरीखाली, अंगणात, बैलाच्या दोऱ्या वळत ऐकायचा. कागदाच्या पानाशी आलं की बाबांचा आवाज भरून यायचा. धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत ते म्हणत, काय माणसं ही, माणसाला माणूस विकतात. सपरीवरची मंडळी चुकचुकत. आई आतून चहा पाठवी. पितळी फुलपात्रं सपरीवर, आणि तुलारामची कान तुटलेली कपबशी गोठ्याच्या कोनाड्यातून तो स्वतःच घेऊन येई, धुऊन स्वतःच ठेवून देई. पुष्पा बारा वर्षांची होती. तिलाही रडू येई, त्या म्हाताऱ्या गुलामासाठी. ते रडणं खोटं होतं असं आजही तिला म्हणता येत नाही, आणि हीच मोठी अडचण आहे. बाबांचं रडणंही खोटं नव्हतं. खोटं असतं तर किती सोपं झालं असतं.

एके दिवशी वाचून झाल्यावर तुलाराम खालून म्हणाला होता, "कागद भेटला तं मानूस जाईन ना जी मालक. कायले राहीन थो?" सगळे हसले. बाबा समजुतीनं म्हणाले, अरे, लिहिणाऱ्यानं तसं लिहिलं नाही. तुलाराम म्हणाला, बरं जी, आणि दोरी वळू लागला. दोरी वळताना एक टोक तो पायाच्या अंगठ्यात धरायचा. त्या अंगठ्याचं नख निळं होतं. बैलानं पाय दिला होता. हे सगळं तिला दिसतं, पण स्वतःच्या लग्नातला भुपेंद्रचा चेहरा दिसत नाही.

त्याच वर्षी बाबांनी मंडईसाठी कादंबरीचं नाटक लिहिलं. गुलामाच्या कामाला शोभेल असा गळा गावात एकट्या तुलारामला होता, शिवाय, जसं चंद्रकुमार म्हणाला, त्याला रंग लावायचंही काम नव्हतं. पण शेवटच्या प्रवेशात मालकाचा मुलगा गुलामाला मिठी मारतो. मालकाच्या मुलाचं काम बाबांच्या मामेभावाकडं. गावासमोर, पेट्रोमॅक्सच्या उजेडात, टोलीवरच्या माणसाला मिठी कोण मारणार? यावर फार चर्चाही झाली नाही. सगळ्यांना आपोआपच कळलं, जसं पानात मीठ कुठं वाढायचं ते कळतं. गुलाम झाला चंद्रकुमार, तिचा चुलतभाऊ, गोरापान, कॉलेजात जाणारा. खोबरेल तेलात काजळ आणि कोळशाची बारीक भुकटी खलून रंग केला. तो चंद्रकुमारच्या अंगाला लावायचं काम तुलारामकडं आलं. मिठीला नाही, पण रंग चोळायला त्याचे हात चालले. आई पुष्पाला ओरडली, त्या डब्यात बोटं नको घालू, तुले कायले रंग लावाची गरज हाये. आईचंही ते रोजचंच होतं. तिला पोरीला बेसनानं घासून घासून कधी उजळ करता आलं नव्हतं.

चंद्रकुमार रंगला, पण गुलाम होईना. मालक आला की तो छाती काढूनच उभा राही. वाकायला सांगितलं की पाया पडल्यासारखा वाके. बाबा वैतागले, आणि मग त्यांना सुचलं. तुलाराम, याले दाखव बरं. असं ते नाटक सुरू झालं, नाटकाच्या आतलं. तुलाराम पायरीखालून सांगायचा, करून दाखवायचा. मालक दिसताच दुपट्टा खांद्यावरून काढून हातात घ्यायचा. नजर मालकाच्या पायाच्या बोटांवर. उत्तर द्यायच्या आधी एक श्वास थांबायचं, लगेच बोलायचं नाही, लगेच बोललं की उर्मट वाटतं. तो हे सुताराच्या नेमकेपणानं सांगे. बाबा खूश झाले. पुष्पाचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून वही तिच्याकडं दिली. डाव्या बाजूला वाक्यं, उजव्या बाजूला हालचाली. प्रत्येक वेळी हालचालीचं वर्णन करत बसण्यापेक्षा तिनं एक सोय काढली होती. उजव्या बाजूला ती लिहायची, तुलाराम करतो तसं. पानामागून पान. अंक पहिला, मालक हाक मारतो, तुलाराम करतो तसं. अंक दुसरा, चाबूक उचलला जातो, तुलाराम करतो तसं.

आणि अंक तिसरा. पान एकेचाळीस.

गुरुवारी संध्याकाळी, शुक्रवारी, शनिवारी पुष्पा त्या पानापर्यंत जाऊन परत आली. भुपेंद्रनं विचारलं, कायचा हिशोब करून राहिली? ती म्हणाली, जुना पसारा. शनिवारी दुपारी तिनं नवी वही आणली आणि स्वच्छ अक्षरात उतरवून काढायला घेतलं. ही मुलगी नवी प्रत घेऊन जाईल, निबंध वाचेल, आजोबाचं नाव छापून येईल. वाईट काय त्यात? चाळीस पानं उतरवली. एकेचाळिसाव्या पानाच्या उजव्या बाजूला आल्यावर पेन थांबला. ती ओळ गाळायची, एवढंच करायचं होतं. गाळली तर मनालीकडं तिची गोष्ट जशीच्या तशी राहत होती, हुशार आजोबाची, ज्यानं पाटलांना बनवलं. गाळली तर बाबाही जसेच्या तसे राहत होते, गोड गळ्याचे. आपण यातलं कुणाला जपतोय हे पुष्पाला कळेना. कळत नव्हतं असंही नाही. गॅसवर दूध ठेवलं होतं ते उतू गेलं, आणि ओटा पुसताना तिला हायसं वाटलं, काहीतरी पुसायला मिळालं म्हणून.

मंडईआधीच्या त्या मंगळवारी तालमीच्या मध्येच तुलाराम सपरीसमोर येऊन उभा राहिला होता. तालमीतला तुलाराम नव्हे. दुपट्टा हातात होता, पण पिळलेला. मालक, दोन रोज सुट्टी पाहिजे होती जी, म्हणाला. तीन वर्षांची पोरगी तापानं फणफणली होती, पाय उचलत नव्हती, तुमसरच्या डॉक्टरकडं न्यायची होती. बाबांच्या मांडीवर कादंबरी उघडी होती. ते वाईट बोलले नाहीत. बाबा कधीच कुणाला वाईट बोलत नसत. लेकरांले ताप येतच राहते, मंडई होऊ दे, मग माझीच बैलगाडी घेऊन जाय, असं म्हणाले. मंडईला सहा दिवस होते. तुलाराम नुसता उभा राहिला. त्याचं अंग हळूहळू लहान झाल्यासारखं दिसलं, जणू दार ठेंगणं आहे आणि त्यातून त्याला पलीकडं जायचंय. बाबा त्याच्याकडं बघत राहिले, आणि त्यांचा चेहरा उजळला. चंद्रकुमार, पाहिलं का? असं. कागदाच्या प्रवेशात अगदी असंच पाहिजे. मग तुलारामला म्हणाले, "अजून एक डाव उभा राह्य बरं तसाच."

आणि तुलाराम उभा राहिला. दुसऱ्यांदा. या खेपेला त्यानं मान जरा जास्तच टाकली, गुडघे जरा जास्तच मोडले, ओठ लोंबवला. सपरीवरचे सगळे हसले. चंद्रकुमार हसला. पुष्पाही हसली, आणि हसत हसत उजव्या बाजूला लिहिलं, मंगळवारी तुलाराम सुट्टी मागायला उभा होता तसं.

मनालीची गोष्ट त्या दुसऱ्या खेपेपासून सुरू होते, हे पुष्पाला आत्ता, चाळीस वर्षांनी, ओटा पुसताना उमगलं. दुसरी खेप खोटी होती, तुलारामनं मुद्दाम केलेली होती. तीच तो घरी घेऊन गेला आणि आयुष्यभर लेकरांना दाखवत राहिला. पहिली त्यानं कुणाला दाखवली नसावी. ती फक्त हिच्या वहीत होती.

रंभाचा डावा पाय गेला. तो ताप पोलिओचा होता. पुष्पानं पुढं जे हाती लागेल ते वाचलं, मासिकं, आरोग्याची पुस्तकं, डिंपलच्या शाळेची विज्ञानाची पुस्तकंसुद्धा, आणि तिला पक्कं कळलं, की त्या मंगळवारी नेलं असतं तरी डॉक्टरला काही करता आलं नसतं. हे वाक्य तिनं इतक्या वेळा मनात म्हटलंय की त्याला देवाच्या नावासारखा गुळगुळीतपणा आलाय. म्हटलं की थोडा वेळ बरं वाटतं. पुढं बाबांनी रंभाला नागपूरला नेऊन पायाचा लोखंडी पट्टा करून आणला. सालदाराच्या पोरीसाठी पाटलांनी एवढं केलं, हे गावात वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. बाबा गेले तेव्हा दहाव्यालाही कुणीतरी ते सांगितलं. खाली बसलेल्या तुलारामनं मान हलवली होती.

रविवारी मनाली सांगितल्यापेक्षा तासभर आधीच आली. भुपेंद्र झोपला होता. टेबलावर दोन्ही वह्या तशाच पडल्या होत्या, जुनी आणि नवी. पुष्पा पाणी आणायला आत गेली, एवढ्यात मुलीनं जुनी उचलली. तिच्या हाताला जुनीच बरोबर लागली. पुष्पा पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली तेव्हा मनाली उभी राहून वाचत होती, मोठ्यानं, आणि डोळे भरून हसत होती. "तुलाराम करतो तसं. तुलाराम करतो तसं. अवं काकू, पानापानावर हाये माहा आबा!" तिनं खांद्यावरची ओढणी काढून हातात घेतली, पायाच्या बोटांकडं बघितलं, श्वास थांबवला. हुबेहूब. चाळीस वर्षं एका घरात फिरत आलेली ती लकब पुष्पाच्या बैठकीत, फ्रिजसमोर उभी होती. तिला वाटलं, तांब्या इथंच सांडावा. काहीही व्हावं, पण ते पान येऊ नये. पानं उलटली गेली. मनाली थांबली.

"सुट्टी? कायची सुट्टी मागत होते आबा?"

सणाची, असं म्हणता आलं असतं. ते उत्तर तयारच होतं, नीट घडी करून ठेवल्यासारखं. पुष्पानं तांब्या टेबलावर ठेवला. टेबलावर पाण्याचं गोल वळं उमटलं. त्याच्याकडं पाहत तिनं सांगितलं. मंगळवार, ताप, सहा दिवस, बैलगाडी. अजून एक डाव उभा राह्य. सगळे हसले. मनाली ऐकत असताना तिची ओढणी अजून हातातच होती. मध्येच तिला ते लक्षात आलं, आणि तिनं ती घाईनं खांद्यावर टाकली.

"तुमी बी हसल्या?"

"हसली," पुष्पा म्हणाली. मग म्हणाली, डॉक्टरला काही करता आलं नसतं. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं ते वाक्य बाहेर काढलं होतं. ते बाहेरच्या हवेत दोन क्षणसुद्धा टिकलं नाही.

मनाली टेबलाशी बसली. आतून भुपेंद्रच्या घोरण्याचा आवाज येत होता. मग तिनं वही मिटली, पुष्पाच्या हातात दिली आणि म्हणाली, "आत्याले तुमीच सांगा. मी सांगतली तं थे बी एक गोष्ट होऊन जाईन. आमच्या घरी गोष्टी लई हायेत." थोडं थांबून म्हणाली, "चला. गाडी हाये माह्यापाशी."

मुलीच्या स्कूटीवर मागं बसून, मांडीवर वही धरून, पुष्पा वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्याला गेली. पुलावर वारा फार होता. पदर आवरू की वही आवरू, असं झालं. तुलारामचं कुटुंब गाव सोडून इथं आलं त्यालाही वीस वर्षं झाली होती, आणि भंडाऱ्यात राहून तिनं हा पूल त्यांच्यासाठी एकदाही ओलांडला नव्हता. रंभाचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत ब्लाउजांचे ढीग, भिंतीवर तुलारामचा फोटो, त्याला प्लास्टिकचा हार. पाय चालत नाही म्हणून तिचं मशीन हातानं फिरवायचं. तिनं पुष्पाला ओळखलं ते तिच्या आईच्या तोंडवळ्यावरून. उठू लागली. मनालीनं तिला उठू दिलं नाही. पाटलांच्या बाई आमच्या घरी, म्हणून रंभानं खुर्चीवरचं कापड खाली लोटलं, चहाला विचारलं, डिंपल कशी आहे विचारलं. तिला डिंपलचं नाव माहीत होतं. रंभाला मूलबाळ आहे की नाही तेही पुष्पाला माहीत नव्हतं.

पुष्पा खुर्चीवर बसली नाही. जमिनीवर, मशीनजवळ बसली, आणि सांगितलं. इथं सांगताना ते लहान झालं. घरी त्याला पुष्कळ वाक्यं लागली होती, इथं पाच-सहा पुरली. रंभाचा हात चाकावर होता. सांगून होईपर्यंत चाक फिरत राहिलं, सुई कापडावरून हळूहळू पुढं जात राहिली, मग कापड संपलं आणि सुई रिकामीच वरखाली झाली. मनाली दारात पाठमोरी उभी होती.

"तेवा मी किती वर्साची?" रंभानं विचारलं.

"तीन."

"म्हनूनच काही याद नाई." तिनं दोरा दातानं तोडला. फोटोकडं पाहिलं नाही. ब्लाउजाची बाही उलटी करून शिवण तपासली, नखानं दाबून सरळ केली. आता ती काय बोलेल याची पुष्पा वाट पाहत होती. तिनं शिव्या द्याव्यात असंही वाटत होतं, आणि जाऊ द्या म्हणावं असंही वाटत होतं. दोन्हीतलं काहीही चाललं असतं. मग, इतक्या वर्षांत विचारायचं राहूनच गेलं असावं तसं, रंभानं विचारलं, "मी तं तापात घरीच होती. मले सांगा, नाटक कसं झालं पन?"

पुष्पानं तोंड उघडलं. मंडईचा तो मांडव, काळा रंगलेला चंद्रकुमार, कागद टोपीत खोचताना ठेंगण्या दारातून निघाल्यासारखं लहान होत गेलेलं त्याचं अंग, आणि मांडवात बसलेल्या शेकडो बाया, डोळ्यांना पदर लावलेल्या.

"चांगलं झालं," ती म्हणाली. "लई लोक रडले."

रंभानं मान डोलावली. "माह्या बापानं मेहनत घेतलीच असन," ती म्हणाली, आणि ढिगातला पुढचा ब्लाउज ओढून घेतला.